आबांच्या फुप्फुसातला फेरफार

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे जळगावच्या डॉक्टरांनी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा मला सगळं समजलं असणार, असं आबांनी गृहीत धरलं. मला अर्धंच समजलं होतं. फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे माहीत होतं, नेहमीची औषधं लागू पडेनाशी झाली होती हेही. नवीन एवढंच, की गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत एक म्युटेशन सापडलं होतं आणि नेमक्या त्याच म्युटेशनवरच्या एका नव्या गोळीची चाचणी मुंबईत सुरू होती.

"चाचणी अगदी सुरुवातीची आहे," डॉक्टर म्हणाले. "माणसाला किती डोस झेपतो, हे आधी बघतात. गुण येईलच असं मी सांगणार नाही. घरी विचार करा."

धुळ्याच्या बसमध्ये आबांनी विचारलं, "म्युटेशन म्हंजे काय व माय?"

मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. पहिला अर्थ 'उत्परिवर्तन'. तो मलाच परका वाटला. खालचा सोपा होता, तो सांगितला. "फेरफार. तुमच्या जीन्समध्ये फेरफार झालाय."

शेतकऱ्याला फेरफार एकच माहीत असतो, तलाठ्याकडे जमिनीवरचं नाव बदलतं तो. आबा खिडकीबाहेर बघत बसले. पारोळा आल्यावर त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि धाकट्या काकांना फोन लावला. बांधाच्या वादावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"मना वावरना फेरफार तूच करा ना?"

आख्खी बस वळून बघायला लागली. पुढे खोकल्यानं त्यांना बोलू दिलं नाही. "काका, गैरसमज झालाय, धुळ्याला उतरल्यावर सांगते," एवढंच मी फोनवर म्हणू शकले.

धुळ्याच्या स्टँडवर काका आमच्या आधी येऊन उभे होते. "भाऊ, तुनी शप्पथ, मी तलाठीकडे गऊ बी नही!"

मग रसवंतीच्या बाकावर बसून मी दोघांना सांगितलं, की हा फेरफार जमिनीचा नाही. शरीराच्या प्रत्येक पेशीत जीन्स असतात, तिनं कसं वागायचं ते त्यात लिहिलेलं असतं. आबांच्या काही पेशींत तिथे चूक झाली आणि त्या वाढतच राहिल्या. ही गोळी त्या चुकीलाच अडवायला बनवली आहे.

"जीन्स?" काका म्हणाले. "यानी जल्ममा जीन्स घाली नही!"

आबा हसले, पुन्हा खोकले. तो खोकला ऐकून काकांना आजार किती वाढलाय ते कळलं असावं. आबांच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

"म्हंजे मी डेमो प्लॉट," आबा म्हणाले. बियाण्याच्या कंपन्या रस्त्यालगतच्या वावरात नवं वाण लावून पाटी रोवतात, तसा. "मना गळामा पाटी टांगतीन का?"

"गुण नाही आला तर, आबा?" त्यांना हे नीट कळलंय ना, याची मला खात्री हवी होती.

"डेमो प्लॉट बी कधी जळी जास. तुले काय वाटस?"

त्यांनी जावं असं मला वाटत होतं. पण जीव त्यांचा होता. "तुम्हीच ठरवा," मी कशीबशी म्हणाले.

"पोरनं कॉलेज शे," काका म्हणाले. "भाऊ, मी येस संगे."

"मंग जाऊत," आबा म्हणाले.

तेव्हापासून मुंबईच्या दर फेरीला काका सोबत जातात. बांधाचा विषय कुणीच काढत नाही. परीक्षा झाल्यावर एका फेरीला मीही गेले. आबांच्या अंगावर पुरळ उठलं होतं, पोट बिघडत होतं, पण स्कॅनमध्ये गाठ लहान दिसत होती. डॉक्टर 'बरे झाले' म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण आबा आता जिना न थांबता चढतात, आणि मला तेवढंही खूप वाटतं.

रक्त घेताना नर्सताई म्हणाल्या, "तुमच्या आधीच्या पेशंटांनी कमी डोस घेऊन पाहिला, आबा. म्हणून तुमचा डोस ठरला."

"त्यांना गुण आला?" मी विचारलं.

"ते मला सांगता येत नाही."

आबा नर्सताईंना कळावं म्हणून सावकाश, शुद्ध भाषेत म्हणाले, "त्यांना माझा रामराम सांगा."

त्या हो म्हणाल्या. कसा पोचवणार, मला माहीत नाही. म्हणून तो मी इथे लिहिते आहे.