खाणीवरची दुसरी वाट

सोमवारी सकाळी डबा भरताना रंजनाने नवऱ्याकडून जे ऐकलं, तेच मंगळवारी ऐकलं आणि बुधवारी बाथरूमच्या बंद दारामागूनही ऐकलं. टेकडीवरून सायकल उतरवायची लाइन एकच असते. दगड आला म्हणून बाजूने काढून घ्यायची असेल, तर माणसाने रिंगरोडला सायकल चालवावी, टेकडीवर येऊ नये.

"रंगाची शेड एकदा पास झाली की मग त्यात कुणी हात घालतं का?" योगराज विचारायचे. समोर दुसरं कुणी नसल्यामुळे रंजनालाच उत्तर द्यावं लागायचं. ती "नाही घालत" म्हणायची आणि पोळी उलटायची.

योगराज पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होते. पारोळ्याकडून सुरतेला आले तेव्हा रंगाच्या बादल्या उचलायचे. आता व्यापारी कापडाचा बोटभर तुकडा आणून देत, आणि योगराज तोच रंग हजार मीटरवर उतरवून देत. राणी, रामा, गजरी, चिकू ही रंगांची नावं त्यांच्या तोंडी भावंडांच्या नावांसारखी होती. लग्नाला गेले की लोक नवरीकडे बघत आणि हे तिच्या शालूच्या काठाकडे. एकदा तर मांडवात "ही वाईन आमची नाही" असं ते इतक्या मोठ्याने बोलले, की वरपक्षाच्या दोन माणसांनी हातातले पेले लपवले.

पन्नाशीला रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत चालणं म्हणजे रिक्षांना जागा देत उभं राहणं. त्याच सुमाराला मिलमालकाचा भाचा कॅनडाला निघाला आणि त्याची जाड टायरांची, गिअरवाली सायकल योगराजच्या घरी आली. दोन खोल्यांत ती कुठे ठेवायची यावर रंजनाच्या सासूबाई मंगलाबाई तीन दिवस बोलत होत्या. शेवटी सायकल फ्रिजशेजारी उभी राहिली आणि मंगलाबाई तिच्यावर नऊवारी वाळत घालू लागल्या. मुलगी हर्षदा कॉलेजातून आली, सायकल बघून म्हणाली, "पप्पा, आ तो माउंटन बाइक छे. एने पहाड जोईए."

सुरतेत पहाड कुठून आणायचा? पण पलसाण्याच्या पुढे, महामार्ग सोडून आत गेलं की एक बंद पडलेली दगडखाण आहे. वर्षानुवर्षं टाकलेल्या मुरमाची आणि दगडांची तिथे टेकडी झाली आहे आणि तिच्यावर बाभळी माजल्या आहेत. सरपंच म्हणाला, सायकली चालवा, पण हातपाय मोडले तर आमच्या दारात आणू नका. योगराजने दोन हिवाळे दर रविवारी कुदळ-फावडं मारून तिथे एक ट्रेल बनवला. ट्रकच्या जुन्या रस्त्याने सायकल ढकलत वर जायचं आणि ट्रेलने खाली उतरायचं. मधोमध गुडघाभर उंचीचे तीन दगड एकाखाली एक होते. त्यांना सगळे "मास्तरांच्या पायऱ्या" म्हणत. तिथून न पडता उतरला तो माणूस, अशी त्या मंडळींची समजूत.

मंडळी म्हणजे मिलमधले आणि मागावरचे सात-आठ जण. त्यातला लखन हा टेम्पोवाला. आठवडाभर लिंबायतहून पांडेसऱ्याला कापडाचे तागे वाहायचा आणि रविवारी त्याच टेम्पोत सायकली भरायचा. वजन चौऱ्याण्णव किलो, स्वभाव लोण्यासारखा. आणि कुंदन, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन चालवणारा, सव्वीस वर्षांचा, काटक. तो सायकलपेक्षा मोबाइलमधल्या वेळेकडे जास्त बघायचा.

रंजना पहिल्या वर्षी टेम्पोच्या सावलीत गोणपाट टाकून बसायची. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, थर्मासभर चहा. पुढच्या वर्षी योगराजच म्हणाले, चहा वर आणत जा, पोरं एकदा खाली आली की पुन्हा चढायचा आळस करतात. ट्रकच्या रस्त्याने जायचं तर सगळ्या टेकडीला वळसा पडायचा आणि चहा कोमट व्हायचा. म्हणून ती ट्रेलच्या कडेकडेने चढू लागली. पहिल्याच रविवारी त्या पायऱ्यांवर तिचा पाय सरकला, थर्मास वाचला आणि कोपर सोललं. दुसऱ्या रविवारी तिने पायऱ्यांशी आल्यावर डावीकडे बघितलं, बाभळींमधून थोडी जागा दिसली, तिथून गेली. मग दर रविवारी तिथूनच. फांद्या पदर ओढायच्या, तेव्हा पिशवीतल्या चिंध्यांनी त्या मागे बांधून टाकल्या. मिलच्या माणसाच्या घरात चिंध्यांना तोटा नसतो. तिथे चहा गाळायलाही चिंधी आणि दार बांधायलाही चिंधी.

वर गेलं की ऊस दिसायचा, कालवा दिसायचा, आणि लांब मिलच्या चिमण्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या. पोरं चहा पिऊन खाली सुटली की पुन्हा वर येईपर्यंत अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासात रंजनाला कुणी "अगं" म्हणून हाक मारायचं नाही. पाणी गेलं का, दूध तापलं का, माझा चष्मा पाहिलास का, यातलं काही नाही. ती चपला काढून बसायची. काही करायची नाही. आठवड्यातून एकदा काही न करण्यासाठी ती पहाटे साडेचारला उठून दहा माणसांच्या भाकऱ्या थापायची, आणि हा सौदा तिला परवडत होता.

भानगड अशी झाली की तिच्या पावलांनी मळलेली ती वाट लखनला सापडली. तो पायऱ्यांवरून दोनदा पडला होता, तिसऱ्यांदा त्याने सायकल डावीकडे घातली आणि सुखरूप खाली आला. त्याच्यामागून कुंदन. कुंदनला कळलं की इथून पायऱ्याच नव्हे तर एक वळणही वाचतं. त्याने मोबाइल लावला, दोन मिनिटं अकरा सेकंदांत खाली उतरला आणि रात्री ग्रुपवर टाकलं. योगराजची वेळ होती दोन एकोणीस. ती गेलं वर्षभर कुणी मोडली नव्हती.

पुढच्या रविवारी चहा बाजूला राहिला आणि भांडण झालं. योगराजचं म्हणणं, ही चोरवाट आहे. एकाने काढली की दुसरा तिसरी काढेल, पावसात सगळा मुरूम वाहून जाईल आणि ट्रेलच्या जागी ओढा उरेल. कुंदनचं म्हणणं, वाट आहे म्हणजे लाइन आहे, मी काही ती पाडली नाही, आणि तिच्यावर तर खुणेच्या पट्ट्याही बांधल्यात. ग्रुपमध्ये खुणेच्या पट्ट्या फक्त मास्तर बांधत, पिवळ्या. मास्तर म्हणाले, माझ्या नाहीत. लखन दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमच्या पायऱ्या चांगल्याच आहेत. पण माझं बूड आता त्यांना नावानिशी ओळखतं." कुणी हसलं नाही. ठरलं, की पुढच्या रविवारी बाभळीच्या काट्या तोडून ती वाट बुजवायची.

तेव्हापासून रंजना सोमवार ते शनिवार ऐकत होती. खरं तर सोमवारीच सांगायला हवं होतं. पण सोमवारी ते म्हणाले, ज्याने ही वाट पाडली त्याला ट्रेलमधलं काडीचं कळत नाही, आणि ती सवयीने "नाही कळत" म्हणून गेली. मंगळवारीही म्हणाली. गुरुवारपर्यंत तिने स्वतःला इतक्या वेळा मूर्ख म्हणून घेतलं होतं, की आता "ती मीच" म्हणणं अवघड झालं.

शनिवारी योगराज कोयत्याला धार लावत बसले. रंजनाने विचारलं, "आणि चहाचं काय?"

"खालीच ठेव टेम्पोशी. आम्ही येऊ उतरून."

म्हणजे पुन्हा गोणपाट, पुन्हा डिझेलचा वास, आणि टेकडी खालून बघायची. रंजनाने मिलमधले जाड हातमोजे पिशवीत घातले, कारण ते तिने घेतले नाहीत तर कुणीच घेणार नव्हतं.

रविवारी सगळे पायऱ्यांशी जमले. रंजनाही मागून चढून आली, थर्मास घेऊनच, कुणी बोलावलं नसताना. कोयता चालू झाला. काट्यांचा ढीग झाल्यावर कुंदनने एका फांदीवरची पट्टी सोडवून मास्तरांपुढे धरली. "बघा. अशा आठ आहेत. आणि चिंध्या कुणाच्या टेम्पोत पडलेल्या असतात, ते मी सांगायला नको."

सगळ्यांनी लखनकडे बघितलं.

योगराजने पट्टी हातात घेतली. सवयीप्रमाणे सूर्याकडे पाठ केली, कापड बोटावर ताणलं, डोळे बारीक केले, आणि त्यांचा चेहरा बदलला. मागच्या दिवाळीआधी एक गजरीचा लॉट त्यांच्या हातून विटकरी निघाला होता. अठ्ठावीस वर्षांत एकच. व्यापाऱ्याने तो परत केला, आणि योगराजने त्यातलं थोडं कापड घरी आणून सांगितलं, की याबद्दल या घरात बोलायचं नाही. कुणी बोललं नाही. रंजनाने गुपचूप त्याचे उशांचे अभ्रे शिवले. गेलं वर्षभर ते त्याच रंगावर डोकं ठेवून झोपत होते. उरलेलं कापड कुठे गेलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी रंजनाकडे बघितलं. ती थर्मासचं झाकण घट्ट आहे का ते पाहत होती.

"शेळ्या राखणाऱ्यांनी बांधलं असेल," योगराज म्हणाले आणि पट्टी खिशात घातली.

कुंदन ऐकणारा नव्हता. शेळीवाला फांदी शेळीच्या तोंडाशी आणेल, मागे कशाला बांधेल? त्याने लखनला सरळ विचारलं, की एवढी भीती वाटते तर सायकल कशाला चालवतोस. लखनचा रंग उतरला. तो म्हणाला, पोरीची शपथ घेतो, मी नाही बांधल्या. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरकला. योगराज आपल्या बुटांकडे बघत राहिले.

रंजनाला हे मात्र बघवलं नाही. वाट गेली तर गेली, पण दर रविवारी ठेच्याला पहिली दाद देणारा माणूस असा उभा राहावा, आणि खरं माहीत असलेल्या माणसाने बुटांकडे बघावं? तिने थर्मास दगडावर ठेवला.

"ती वाट मन्ही शे," ती म्हणाली.

कुंदन बघतच राहिला. "काकू, तुम्ही सायकल...?"

"सायकल नाही रे. चहा." मग ती नवऱ्याकडे वळली. चारचौघांत ती त्यांच्याशी अहिराणीत बोलत नसे, आज बोलली. "तुम्हीच सांगेल व्हतं, चहा वर लई ये. तुमन्या पायऱ्या चढतांना मी लुगडं सांभाळू का थर्मास?"

योगराजला आठवलं. कुणालाही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असतं इतकं स्पष्ट आठवलं.

"बुजवायची तर बुजवा," रंजना पुढे म्हणाली, आता सगळ्यांना समजेल असं. "पण मग मी खालीही येणार नाही. घरी झोपेन. चहा हॉटेलात प्या."

पलसाण्याच्या पुढच्या हॉटेलातला चहा सगळ्यांनी प्यायलेला होता. मग कुंदनच म्हणाला, की म्हणजे मास्तरांचा रेकॉर्ड काकूंच्या लाइनवरून मोडला. यावर लखन हसला, आणि लखन हसल्यावर बाकीच्यांनाही हसायची मोकळीक मिळाली.

योगराजने घसा साफ करून निकाल दिला. ही पायी माणसाची वाट आहे, लाइन नाही. हिच्यावर टायर चालणार नाही, म्हणून दोन अकरा धरली जाणार नाही. कुंदनने मान हलवली, पण मोबाइलमधली वेळ काही पुसली नाही. तोडलेल्या काट्या फुकट जाऊ नयेत म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांना लावायचं ठरलं, मधे हँडलपेक्षा कमी जागा ठेवून. लावून झाल्यावर लक्षात आलं की लखनही हँडलपेक्षा रुंद आहे. त्याला सायकल हातात धरून रंजनाच्या वाटेने उतरायची परवानगी मिळाली होती, तेव्हा त्याच्यासाठी एक काटी पुन्हा काढावी लागली.

इथवर ठीक होतं. पण योगराजला आता त्या वाटेबद्दल अपराधी वाटू लागलं होतं, आणि त्यांना अपराधी वाटलं की ते कुदळ घेतात. ते रंजनाला म्हणाले, तू एक पाऊल टाक, मी अंतर मोजतो. इथे चार पायऱ्या काढतो, तिथे वळण जरा उघडं करतो, चढ सगळा एकसारखा करून देतो.

"काही करू नका," रंजना म्हणाली.

"अगं, तुझ्याच सोयीसाठी..."

"कुदळ टेम्पोत ठेवून या."

ते कुदळ खांद्यावर टाकून खाली गेले. जाताना दोनदा मागे वळून त्यांनी त्या वेड्यावाकड्या चढाकडे बघितलं, जसं न जुळलेल्या शेडकडे बघायचे.

जानेवारीत योगराजचा गुडघा धरला. एका रविवारी पोरं खाली सुटली होती, रंजना वर बसली होती, आणि काट्यांमधून आधी सायकलचं चाक आलं, मग योगराज. सायकल आडवी धरून, धापा टाकत, बाहीला बाभूळ अडकलेली. पायऱ्यांकडून आले नव्हते आणि ट्रकच्या रस्त्यानेही नाही.

"पाहणी करायला आलो," ते म्हणाले. "वाट कशी आहे म्हटलं, बघावं."

रंजनाने त्यांचा बिनसाखरेचा चहा ओतला आणि बाजूला सरकली. ते बसले. ऊस बघितला, चिमण्या मोजल्या, आपल्या मिलची कुठली ते सांगायला बोट उचललं.

"इथं बोलायचं नाही," रंजना म्हणाली.

त्यांनी बोट खाली घेतलं. चार मिनिटं ते गप्प बसले. पाचव्या मिनिटाला म्हणाले की खालून दुसऱ्या वळणावर एक दगड हलतोय, तेवढा फक्त एकदा नीट बसवला असता. रंजनाने त्यांच्या कपात आणखी थोडा चहा घातला आणि तोंड कालव्याकडे फिरवलं.