एक ऐका काका, फक्त एक

इअरफोनचं एक टोक तो कानातून काढायचा, शर्टाच्या कडेला नीट पुसायचा आणि प्रसाद द्यावा तसं तळहातावर ठेवून पुढं करायचा. "एक ऐका काका. फक्त एक."

ईट गावात माझी खव्याची भट्टी आहे. दूध आटत आलं की कढईवरून हात काढता येत नाही. उलथनं फिरवत राहावं लागतं, नाहीतर खवा तळाला लागतो. माझे हात गुंतलेले पाहून तो ते टोक स्वतःच माझ्या कानात बसवायचा. दुसरं टोक त्याच्या कानात. वायर आखूड. मी कढईभोवती सरकलो की त्यालाही माझ्यामागं सरकावं लागायचं. धुरात डोळे चोळत, घामानं निथळत आम्ही दोघं एका वायरीला बांधल्यासारखे कढईभोवती फिरायचो. दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून हा देखावा बघत उभी राहायची.

तो डेअरीचा माणूस. गायी भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतनानं गाभण करायच्या, त्यांची औषधं द्यायची, अडलेल्या गायीसाठी मोठ्या डॉक्टरला फोन लावायचा, हे त्याचं काम. शिक्षण पदविकेचं, वय पंचविशीच्या अलीकडचं, गाव शेजारच्या तालुक्यातलं वाशी. पण गावानं त्याला पहिल्या दिवसापासून डॉक्टर केलं होतं. मोटारसायकलच्या मागं रेतनाच्या कांड्या गार ठेवायची नायट्रोजनची टाकी बांधलेली, अंगावर मळका अ‍ॅप्रन, आणि अ‍ॅप्रनच्या आत काळा टीशर्ट. टीशर्टवर फुटलेल्या बल्बचं चित्र. ते त्याच्या लाडक्या बँडचं चित्र होतं, हे त्याच्याशिवाय तालुक्यात कुणालाही माहीत नसावं.

एकदा एका आबांनी गाय धरून ठेवता ठेवता विचारलं, "डॉक्टर, ह्ये कोणत्या पक्षाचं चिन्ह?"

"अपक्ष, आबा," तो गायीमागून म्हणाला.

आबांनी मान डोलावली. "बराय. निवडून आलं तर कुठंबी जाता येतं."

त्यानंतर त्याची गाणी म्हणजे 'अपक्षांची गाणी' असं गावानं ठरवूनच टाकलं. त्याला ते नाव फार आवडलं. मला एकदा त्यानं समजावून सांगितलं होतं, की ही माणसं स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच चाल लावतात, स्वतःच म्हणतात. मागं ना सिनेमा ना कंपनी. दिवसभर कुठंतरी नोकऱ्या करतात आणि सुटीच्या दिवशी एखाद्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर पंचवीस-तीस लोकांसमोर वाजवतात. त्याला तो 'गिग' म्हणायचा. आमच्या आत्या दारात शेंगा फोडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग आपल्या भजनी मंडळावानीच की." त्यानं खिशातला मोबाइल काढला आणि ते वाक्य लिहून त्या बँडला पाठवून दिलं.

आत्या माझ्या वडिलांच्या धाकट्या बहीण, आमच्याकडंच राहतात. इअरफोन कानात घालायला मात्र त्यांनी कधी होकार दिला नाही. तो पुढं करायचा, त्या पदर कानावर ओढून घ्यायच्या. "नगं बाबा. कानात वारं शिरतं."

शनिवारचं संध्याकाळचं दूध झालं की तो कधीकधी गायब व्हायचा. मोटारसायकल ओळखीच्या घरी लावून पुण्याची एसटी पकडायची, जागा मिळाली नाही तर उभ्यानं जायचं, गाणी ऐकायची आणि सोमवारी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी पुन्हा गोठ्यात हजर. मनगटावर गिगच्या दारात बांधतात ती कागदाची रंगीत पट्टी. ती तो आपणहून कधी काढायचा नाही. हातमोजे घालून काढून तिचा चुरा होईपर्यंत मिरवायचा. आत्यांनी विचारलं, "येरमाळ्याच्या देवीचा दोरा व्हय रं?" तो म्हणाला, "तसलंच समजा आत्या. नवस चालू हाय."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या मनाला मला खात राहण्याची खोड आहे. कुणाच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचलो तर चार दिवस चैन पडत नाही. खव्याचा एखादा घाणा तळाला लागला, तर ज्या गायीचं दूध होतं तिच्या डोळ्यांकडं बघवत नाही. आणि या पोराची गाणी मला कळत नव्हती. खोटं बोलता येत नाही म्हणून मी सरळ सांगायचो, "शब्द ऐकू येत्यात रे, पण मला काय होत न्हाय." सांगून झाल्यावर रात्रभर वाटायचं, थोडं गोड बोललो असतो तर काय बिघडलं असतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर, तोंडावर तेच हसू. "कालचं सोडा काका. आज दुसरं आणलंय. फक्त एक."

मी त्याला एकदा विचारलं, तुला आवडतं ना, मग तू ऐक की निवांत. आमच्या मागं कशाला लागतोस? तो टाकीचं झाकण लावता लावता थांबला. म्हणाला, "पुण्यात गाणं संपलं की शेजारचा अनोळखी माणूस आपल्याकडं बघून हसतो काका. इथं मी गाणं ऐकून वर बघतो, तर समोर म्हैस." आम्ही दोघंही हसलो. पण त्याचं खरं दुखणं तेवढंच होतं. त्याला इथं, या गावात, गाणं संपल्यावर बघून हसणारं माणूस हवं होतं.

मग एके दिवशी तो मोटारसायकल स्टँडवर न लावताच भट्टीत घुसला. बल्बवाला बँड लातूरला एका कॉलेजात वाजवायला निघाला होता आणि यानं त्यांना वाटेत ईटला थांबायला राजी केलं होतं. ईट वाटेत नाही, हे नकाशा बघणाऱ्या कुणालाही दिसेल. पण तो त्यांना कित्येक महिने इतक्या मायेनं लिहीत होता, की त्यांनी नकाशा बघितलाच नसावा. जागा? माझं पत्र्याचं शेड. मी हो म्हणालो आणि लगेच काळजीत पडलो.

त्यानं आमंत्रणं गोठ्यागोठ्यात जाऊन दिली. त्याला नाही म्हणणार कोण? पहाटे फोन केला तरी येणारा पोरगा. ज्यांच्या ज्यांच्या गायी त्यानं गाभण केल्या होत्या, ती सगळी घरं चारच्या सुमाराला माझ्या शेडमध्ये आली. कुणीतरी आपण होऊन सतरंज्या अंथरल्या. पुरुष एका अंगाला बसले, बाया दुसऱ्या अंगाला. भजनी मंडळानं आपला माइक आणि भोंगा दिला, वर अगरबत्तीही लावली. त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की उभं राहायचं, मान हलवायची, आवडलं की टाळ्या, ओरडलात तरी चालेल. सगळ्यांनी व्हय व्हय केलं होतं आणि मांडी घालून बसले होते.

बँड म्हणजे तिघं. नाकात चमकी आणि गुडघ्यावर फाटलेली पँट अशी गाणारी मुलगी, गिटारवाला, आणि ढोलताशाचा संसार पसरून बसलेला केस वाढवलेला पोरगा. सरपंचांनी तिघांना शाल आणि नारळ दिला. ड्रमवाल्यानं नारळ ड्रमवर ठेवला, तो मंडळाच्या म्हाताऱ्यानं उठून शांतपणे उचलला आणि उदबत्तीपाशी ठेवला.

पहिलं गाणं झालं. शेडमध्ये चिडीचूप. दुसरं झालं. पुन्हा तेच. बायांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुरुष खाली मान घालून बसलेले. बाहेर एक वासरू हंबरलं तेवढंच. आमचा डॉक्टर मागं दुधाच्या कॅनपाशी उभा होता. पहिल्या गाण्याला तो एकटाच मान हलवत, पाय आपटत होता. दुसऱ्याला त्याचे पाय थांबले. तिसऱ्याला मानही थांबली.

माझे हात मांडीवर होते. टाळी वाजवावी असं फार वाटत होतं, पण एकट्यानं सुरुवात कशी करायची? गाणं कळलं नसताना वाजवलेली टाळी खोटी नाही का? या विचारात तीन गाणी गेली आणि माझं मन मला कुरतडत राहिलं. तो वाकून माझ्या कानाशी आला. "काका, कुणालाच आवडंना." त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. इतक्या लांबून त्यांना आणलं, 'आमची माणसं ऐकतील' असा शब्द दिला, आणि आता ना त्याला पुण्यात तोंड दाखवता येणार होतं, ना गोठ्यात पुन्हा कुणापुढं इअरफोन धरता येणार होता.

गाणाऱ्या मुलीनंही ओळखलं असावं. तिनं माइकवरच अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्हाला त्रास होत असेल तर आम्ही थांबतो." गिटारवाल्यानं पट्टा खांद्यावरून काढायला घेतला.

तेव्हा बायांच्या बाजूनं आत्यांचा आवाज आला. "का गं बाई, दमलीस का?"

"नाही आजी. पण कुणी टाळी वाजवली नाही, म्हणून वाटलं, आवडत नाहीये."

आत्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्या बाया तिच्याकडं अशा बघत होत्या, जणू पोरगी काहीतरी भलतंच बोलली. "टाळ्या पुढाऱ्याला वाजवत्यात, भाषण लवकर संपावं म्हणून," आत्या म्हणाल्या. "गाणाऱ्याच्या मधी मधी टाळ्या पिटल्यावर गाणं ऐकावं कवा? तू म्हण. ती धुण्याच्या दोरीची गोष्ट सांगत हुतीस न्हवं, ती पुन्हा म्हण. ती बाई कपडे वाळत घालून कुणाची वाट बघती, ते मागच्या बायांना ऐकू आलं न्हाय."

मी चमकून बघितलं. हे गाणं मी कढईभोवती फिरत निदान पाच-सहा वेळा ऐकलं होतं. त्यात धुण्याची दोरी आहे, बाई आहे, ती वाट बघते, हे मला कधी उमगलंच नव्हतं. मुलीनं चपला काढल्या, खुर्ची बाजूला सारली, सतरंजीवर मांडी घातली आणि तेच गाणं पुन्हा म्हटलं, यावेळी ढोलाशिवाय, नुसत्या गिटारीवर. मी कढईशी नव्हतो, हात मोकळे होते, आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं. गाणं संपलं. मागं वळलो तर तो कॅनपाशी उभा राहून माझ्याकडंच बघत होता. मी हसलो. तो असा हसला, की त्याच्या एवढ्या दिवसांच्या खेपा वसूल झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर टाळ्या झाल्याच नाहीत. कीर्तनानंतर करतात तशी लोकांनी रांग लावली आणि एकेक जण त्या तिघांच्या पाया पडायला लागला. मुलगी गडबडली. म्हातारी माणसं वाकतायत म्हटल्यावर ती त्यांच्याहून खाली वाकायला लागली, आणि एका आबांचं आणि तिचं डोकं आपटलंसुद्धा. बायांनी तिला हळदीकुंकू लावलं, पँटच्या फाटक्या गुडघ्यांकडं बघून एकीनं ब्लाऊजपीस दिला, तो तिथं लावून घे म्हणाली. रांगेत शेवटी आमचा डॉक्टर उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा पाया पडावं की हात मिळवावा हे त्याला कळेना. तो नुसताच समोर उभा राहिला आणि ती दोघं खो खो हसत सुटली.

निघताना त्यांना भट्टीतला गरम खवा साखर घालून दिला. ड्रमवाला बोटं चाटत कढईपाशी बसून राहिला. मी घाणा उतरवत होतो, तर त्यानं मोबाइल माझ्या उलथन्याजवळ धरला. म्हणाला, "काका, थांबू नका, चालू द्या." मला वाटलं, फोटो काढतोय.

त्यानंतर आमचा डॉक्टर वर्षभर आमच्यात होता. लोक आता आपण होऊन विचारायचे, "डॉक्टर, अपक्षांचं नवीन काय?" मग पुण्याजवळच्या एका मोठ्या डेअरीत त्याला काम मिळालं. गायीही तिथं आणि गिगही तिथं. त्याच्यासाठी याहून चांगलं काय असणार? जाताना त्यानं आपला तो वायरचा इअरफोन माझ्या शर्टाच्या खिशात घातला. नवीन आलेला मुलगा चांगला आहे. वेळेवर येतो, काम करतो, जातो. त्याच्या कानात काही नसतं. अशी माणसं तुमच्याही गावातून गेली असतील. गेल्यावर गाव आहे तसंच असतं, फक्त मोटारसायकलचा आवाज आला की मान उगाच वर होते.

परवा सकाळी डॉक्टरचा मेसेज आला. बँडचं नवीन गाणं, आणि खाली तेच. 'एक ऐका काका. फक्त एक.' घाणा अगदी शेवटाला आला होता. मी इअरफोन लावला. गाण्याच्या आधी एक आवाज होता. खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. मग त्याच ठेक्यावर गिटार आली.

मी एक टोक काढलं, शर्टाच्या कडेला पुसलं आणि दारात बसलेल्या आत्यांपुढं धरलं. त्यांनी पदर कानावर ओढला. मग माझ्या तोंडाकडं बघून तो बाजूला केला आणि कान पुढं केला. वायर आखूड, म्हणून मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "आरं," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये तर आपलं उलथनं."

गाणं संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मागं कढईतून करपल्याचा वास आला. खवा तळाला लागला होता, आणि मला काही वाटलं नाही.