वास घेणारे चेहरे

लॉकडाऊनमध्ये मी पहिली फिल्म केली ती खिडकीतून. आखातातल्या आमच्या अल कुसैसचा रिकामा रस्ता, कुणीच नसताना बदलणारा सिग्नल, मशिदीसमोरची कबुतरं. जाहिरातींचं एडिटिंग करता करता स्वतःचं काही करायचं राहूनच गेलं होतं, म्हणून मोठ्या हौसेने केली. इंटरनेटवर टाकायला गेले, तर जगभरातल्या लोकांनी तोच रस्ता, तोच सिग्नल, तीच कबुतरं टाकलेली. मी फाइल डिलीट केली आणि घरभर येरझाऱ्या घालत राहिले.

"अगं, बस की जरा. मीटिंग चालू आहे माझी," नवरा म्हणाला.

मग आम्हा तिघांनाही कोविड झाला. ताप उतरला, पण मला कशाचाच वास येईना. फोडणी करपली तरी कळेना. हिंगाची डबी, फिनेल, लेकीचे केस, दिसेल ते मी हुंगत सुटले. केसांचा वास येईना तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यातूनच सुचलं. डब्यात काहीतरी ठेवायचं, समोरच्याने डोळे मिटून हुंगायचं आणि वास कसा आहे ते मला सांगायचं. तीच फिल्म.

सुरुवात नवऱ्यापासून. "कॉफी," तो म्हणाला.

"ते मलाही माहितीये. कशी आहे ते सांग."

"कॉफीसारखी. खलास. मला कॉल आहे."

लेक म्हणाली, "आई, इट जस्ट स्मेल्स लाइक कॉफी!"

चिडून मी समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींना विचारलं. त्या रत्नागिरीकडच्या. आम्ही आजारी असताना दाराशी डबे ठेवून जायच्या. त्या आपल्या दारात उभ्या राहिल्या, मी माझ्या दारात, मध्ये लिफ्ट. त्यांनीच दिलेली सुकट मी डब्यात घालून दिली होती. त्यांनी मास्क खाली केला, डोळे मिटले, हुंगलं. ओठ मुडपले, कपाळावर आठी आली, विरली.

"सुकट आहे, ताई," त्या शेवटी म्हणाल्या. "आईने पाठवलेली. गेल्या महिन्यात गेली ती. विमानं बंद. जाता नाही आलं मला."

मी कॅमेरा खाली ठेवला. "भाभी, हे नाही वापरणार मी."

त्यांनी डोळे पुसले. "चेहरा ठेवा. आईचं बोलले तेवढं काढा."

मी त्यांच्या शॉटमधला आवाज काढून टाकला. नुसता चेहरा पाहिला आणि ताडकन उठले. मग सगळ्यांचेच आवाज काढून टाकले. कॉफी ओळखण्याआधी नवऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर एक लहान मुलगा दिसत होता. इतकी वर्षं संसार केला, तो मुलगा मी कधी पाहिला नव्हता.

एका लहानशा महोत्सवाने ती फिल्म ऑनलाइन दाखवली. एकाने लिहिलं, 'साउंड बिघडलाय.' दुसऱ्या कुणी लिहिलं, 'असं काही पाहिलं नव्हतं.' मी दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली आणि दोन्हींवर विश्वास बसेना. मला तोवर वास परत येऊ लागला होता, पण वाकडा. साबणाला जळक्या रबराचा वास यायचा.

भाभींनी दारातच मोबाइलवर फिल्म पाहिली. परत पाहिली.

"इथे मी अगदी आईसारखी दिसते," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मला बरं वाटलं. तरी घरात येऊन मी लॅपटॉप उघडला. त्यांचा शॉट किंचित लवकर कापलाय असं वाटत होतं.