सत्तावीस नंबरचा सांधा

युएशिआच्या घरी कुणी सायकलवरून आलं, की चहाआधी त्याच्या सायकलची परीक्षा व्हायची. म्हातारी ती उलटी करायला लावायची, फ्रेमच्या सांध्यांवरून अंगठा फिरवायची आणि सांगायची, "बाईनं जोडलीय. डावखुरी. आणि त्या दिवशी बिचारीचं जेवण झालेलं नव्हतं." जेवणाची थाप असायची, बाकीचं सहसा खरं निघायचं. दाजिआ गावच्या सायकल कारखान्यात तिने एकतीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण अंगठा शाबूत होता.

आणि तोरा तर विचारूच नका. "हॉर्नवुडच्या सायकली या हातांनी केल्यात," हे वाक्य ऐकलं नाही असं माणूस गल्लीत उरलं नव्हतं. हॉर्नवुड म्हणजे बड्या परदेशी कंपनीचं नाव. ते उच्चारताना युएशिआची मान आपोआप ताठ व्हायची.

त्यामुळे नातीला, पेइरोंगला, डोंगरात चालवायला जुनी सायकल घ्यायची ठरली तेव्हा आजीला बरोबर नेणं भागच होतं. सायकलवाल्या आहुईने दुकानात दोन सायकली काढून ठेवल्या होत्या. दोन्हींच्या फ्रेम बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच्या. पुढच्या चाकाचा चिमटा, गिअर, ब्रेक, टायर मात्र नवे, आणि दोन्हींना अगदी सारखेच बसवलेले. फरक फक्त नावाचा. एकीवर हॉर्नवुड, दुसरीवर शानइंग. शानइंग ही इथलीच कंपनी, बंद पडूनही जमाना झालेला.

"मावशी, आता तुम्हीच सांगा," आहुई म्हणाला. "सगळं सामान सारखं, मग नाव काय चाटायचंय? पण गिऱ्हाईक हॉर्नवुडच मागतं. ही शानइंग चार वर्षं धूळ खातेय."

"मलाही हॉर्नवुडच हवी," पेइरोंग म्हणाली. "आजीच्या हातची निघाली तर? पुढच्या महिन्यात हेहुआन डोंगराचा उतार उतरायचाय मला!"

या दोन्ही फ्रेम एकाच छपराखाली जन्मल्या हे आहुईला ठाऊक नव्हतं. युएशिआला होतं.

हॉर्नवुडचा माणूस तेव्हा भिंग घेऊन कारखान्यात यायचा. वेल्डिंगची ओळ त्याला माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी लागायची. एक खवला उंच राहिला की फ्रेम बाद. मग मुकादमाने हळूच सुचवलं, कानस मारा, वरून रंग बसतोच. कानस मारली की सांधा पातळ होतो, हे कारखान्यात भांडी घासणारीलाही कळत होतं. शेजारच्या टेबलावर सूचिन असायची. दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या, एकाच डब्यात जेवणाऱ्या. सूचिनने कानस खाली ठेवली. "रंग काय उतारावर सांधा धरून ठेवणारे का गं? मी नाही मारायची." तिला उचललं आणि शानइंगच्या टेबलावर टाकलं. युएशिआने मारली. रोज नाही, नड पडेल तेव्हा. तिला पहिलं टेबल मिळालं.

त्यावर कडी म्हणजे वर्षअखेरचं जेवण. त्या जेवणात अख्खी कोंबडी मांडतात, आणि मालकाने तिची चोच ज्याच्याकडे वळवली, त्याची नोकरी गेली. मालक भला होता, चोच स्वतःकडे करून बसला होता. युएशिआलाच गंमत सुचली. टेबलावरची फिरती तबकडी तिने बोटाने ढकलली. चोच सूचिनसमोर थांबली. "घे, शानइंगच्या बाईला निरोप आला!" टेबलभर हशा पिकला. सूचिनने हातातल्या जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि उठली. सुट्टी संपल्यावर ती कामावर आली नाही. मालकाने दोनदा बोलावणं धाडलं. जायला हवं होतं युएशिआने. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता बावीस वर्षं गेली. सूचिनचं घर चार गल्ल्या सोडून होतं.

"उलटी कर," ती आहुईला म्हणाली.

हॉर्नवुडच्या पायडलच्या आसाखाली कोरलेला कामगाराचा नंबर अंगठ्याला लागला. सव्वीस.

"तुझाच ना आजी!" पेइरोंगने टाळी वाजवली.

अंगठा हँडलखालच्या सांध्याकडे सरकला. खवला, खवला, खवला, आणि मग बोटभर जागा गुळगुळीत. मग तिने शानइंग चाचपली. सांधे खडबडीत, उंचसखल, पण पोटभर भरलेले. आसाखाली सत्तावीस. तिला सूचिनची इतकी आठवण आली, की हात तिथून उचलवेना.

गप्प बसावं का? बावीस वर्षं टिकलीय, टिकेल आणखी. उभ्या जन्माचा तोरा एका वाक्यात उतरणार होता. तेवढ्यात पेइरोंगने नवं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा नीट बसला का म्हणून हनुवटी आजीपुढे केली. लहानपणी शाळेत जाताना करायची तशीच.

"ही हॉर्नवुड घ्यायची नाही," युएशिआ म्हणाली.

"का? तू तर केलीयेस!"

"म्हणूनच सांगते. इथं मी कानस मारलीय. सांधा पातळ आहे. आहुई, ही विकू नकोस. कापून टाक."

"अहो मावशी, हॉर्नवुड आहे ती!"

"नाव हॉर्नवुडचं असेल रे. कानस माझी आहे."

पेइरोंगने शानइंगचं हँडल धरलं.

"थांब," म्हातारी म्हणाली. "ही आधी एका ठिकाणी न्यायचीय."

सूचिन दारात बसून मुळा किसत होती. केस पार पांढरे झालेले. तिने युएशिआकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि किसत राहिली. पेइरोंगने सायकल उलटी केली. सूचिनने हात ॲप्रनला पुसले आणि अंगठा आसाखाली नेला.

"माझी आहे ही," ती म्हणाली.

"हो. नातीला घेतली."

"हॉर्नवुड नव्हती का दुकानात?"

"होती. माझ्या हातची होती. कापायला सांगून आले."

सूचिन बराच वेळ सांध्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

"बैस," ती म्हणाली. "अर्धा मुळा राहिलाय किसायचा."