खांदा दुखत नव्हता

मी केजमध्ये लढते. जाळीच्या आत ठोसे, लाथा, गुडघे, कोपरं सगळं चालतं आणि जमिनीवर पडलं तरी झुंज थांबत नाही, तो खेळ. देवळ्याला आमच्या घरी अजून त्याला कराटेच म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. शाळेत कबड्डी खेळायचे. कॉलेजसाठी नाशिकला आले आणि मैत्रिणीला वजन कमी करायचं होतं म्हणून तिच्यासोबत गंगापूर रोडच्या एका जिममध्ये गेले. मैत्रीण पंधरा दिवसांत सुटली, मी अडकले.

पहिल्या चारही लढती जिंकले. चौथी तर पहिल्याच राउंडमध्ये. त्यानंतर देवळ्याच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. मोठ्या स्पर्धांचे आयोजक आता सरांना स्वतःहून फोन करत होते. सर म्हणजे आमचे कोच. सव्वीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, आता फक्त वर जायचं आहे.

पाचव्या लढतीला दीड महिना होता तेव्हा पांडवलेण्याच्या पायऱ्या उतरताना माझा डावा गुडघा फिरला. सूज चार दिवसांत उतरली, पण वळताना आत काहीतरी सरकायचं. हे तिघांनाच माहीत होतं. एक सर. दुसरा देवळ्याचा माझा मोठा भाऊ, कारण त्यानेच मला डॉक्टरकडे नेलं. आणि तिसरी माझी सरावातली जोडीदार.

ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, साताऱ्याकडची. नवरा तोफखान्यात, त्यामुळे देवळाली कॅम्पला क्वार्टरमध्ये राहायची आणि स्कूटरवर रोज सकाळी यायची. लग्नाआधी ती राज्य पातळीवर ज्युदो खेळलेली. स्वतः केजमध्ये कधी उतरली नाही, पण जमिनीवरची झुंज मला तिनेच शिकवली. दोन वर्षं रोज तासभर आम्ही एकमेकींच्या अंगावर असायचो. तिला मी ताई म्हणायचे.

"बाहेर एक शब्द नको," सर म्हणाले होते. "समोरच्या कोपऱ्यात कळलं की पहिली लाथ तिथेच."

पहिली नाही, तिसरी लाथ तिथे बसली. पुण्यात लढत होती. समोरच्या मुलीचे जुने सगळे व्हिडिओ मी पाहिले होते आणि एकातही ती पायावर लाथ मारत नव्हती. त्या दिवशी तिला माझा डावा गुडघा सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. दुसऱ्या राउंडमध्ये मी उभी राहू शकले नाही. रेफरीने लढत थांबवली.

परतीच्या वाटेवर सर गाडी चालवत होते, ताई त्यांच्या शेजारी, आणि मी मागच्या सीटवर पाय लांब करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. संगमनेरपर्यंत मी दोघांच्या मानांकडे पाहत होते. यांच्यातल्या कोणीतरी सांगितलंय, हा विचार तिथे पहिल्यांदा आला आणि मग गेलाच नाही.

सरांवर संशय घ्यायला कारण होतं. माझ्याच वजनगटातली एक नवी मुलगी त्यांच्याकडे आली होती, वयाने लहान, आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. भावाच्या बाबतीत कारणाची गरजच नव्हती. तो कांद्याचा व्यापार करतो, दिवसभर दहा जणांत उठबस, आणि त्याच्या पोटात गोष्ट संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. पण मन पुन्हा पुन्हा जायचं ताईकडे. लढतीच्या आदल्या दिवशी वजन मोजायला गेलो होतो तेव्हा समोरच्या मुलीची कोच ताईला कडकडून भेटली होती. दोघी ज्युदोतल्या जुन्या मैत्रिणी. बराच वेळ भिंतीला टेकून बोलत होत्या. मी जवळ गेल्यावर ताई म्हणाली, "अगं, किती वर्षांनी भेटलो आम्ही." आणि दोघी गप्प झाल्या.

त्या गप्प होण्याचा मी महिनोन्महिने कीस काढला.

गुडघा बरा झाला. पुढची लढत मुंबईत ठरली, समोर नागपूरची मुलगी. तेव्हा मी ठरवलं की चोर पकडायचा. युक्ती मला भारी हुशारीची वाटली होती. तिघांना तीन वेगवेगळ्या खोट्या दुखापती सांगायच्या. लढतीत समोरची जिथे घाव घालेल, त्यावरून कोण फुटलं ते कळेल.

सरांना एका सकाळी म्हटलं, "घोटा जरा दुखतोय, उजवा." ते म्हणाले, "पट्टी बांध," आणि विषय संपला. भावाला फोनवर सांगितलं, मान आखडली आहे, कोणाला सांगू नकोस.

"कशी काय आखडली?" तो म्हणाला. "आईनं हळदीचा लेप सांगितला असता ना."

"आईलाही सांगायचं नाही."

"बरं वं, नाही सांगत."

आणि ताईला मी सांगितलं, उजवा खांदा. मॅटवर बसल्या बसल्या, हाताला पट्टी गुंडाळताना, डोळ्यांत न पाहता. तिने लगेच हात पुढे केला, खांदा धरून हळूच फिरवला. "इथं? का इथं?" मी कुठेतरी "हां" म्हटलं. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरं. जपून करू आपण."

घोटा आणि मान एकदा बोलून सुटले. खांद्याचं तसं नव्हतं. ताईसोबत रोज अंगाला अंग लावून झटायचं, म्हणजे रोज नाटक करायचं. मी उजवं कोपर बरगड्यांना चिकटवून ठेवू लागले. पडताना उजवा हात टेकायचा टाळू लागले. तिने हात ओढला की तोंड वाकडं करायचे. तीही त्या बाजूला हलक्या हाताने यायची आणि मला वाटायचं, बघा कशी नीट लक्षात ठेवतेय. तिचा फोन वाजला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळ जायचे. एकदा ती नवऱ्याशी बोलत होती, भाजीचं काहीतरी. मला तेही सांकेतिक वाटलं.

सरांनी एकदा विचारलं, "उजवा हात टाकत का नाहीस?"

"ताकद राखून ठेवतेय," मी म्हणाले. ते माझ्याकडे पाहत राहिले. पुढे काही बोलले नाहीत, आणि न बोलण्याचंही मी मनात टिपून ठेवलं.

मुंबईला पहिल्या मिनिटातच नागपूरच्या मुलीने मला उचललं आणि उजव्या अंगावर आपटलं. उठले, पुन्हा उजवीकडेच. तिसऱ्यांदा खाली गेल्यावर तिने माझा उजवा हात पकडला आणि पाठीमागे पिळायला सुरुवात केली. मला आठवतंय, वेदनेच्या आधी मला जवळजवळ आनंद झाला. खांदा! म्हणजे ताईच. खात्री पटल्याच्या त्या समाधानात मी थाप मारायला उशीर केला. हार मान्य असेल तर समोरच्याच्या अंगावर हाताने थोपटायचं असतं. मी थोपटलं तोवर सांधा निखळला होता.

मागच्या खोलीत डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. सर कागदपत्रांवर सह्या करायला बाहेर गेले होते. ताई माझ्या हातांवरच्या पट्ट्या सोडत होती.

"किती दिवसांपासून सांगतेस त्यांना?" मी विचारलं.

"काय?"

"आधी गुडघा. आता खांदा. खांद्याचं फक्त तुला सांगितलं होतं. दुसऱ्या कोणालाच नाही."

ती उकिडवीच बसून होती. मी युक्ती सांगितली, सगळी, घोटा आणि मान धरून. सांगताना मला वाटत होतं, आता ती रडेल किंवा चिडेल. माझ्या एका हाताची पट्टी सोडून झाली होती. दुसरी तशीच अर्धवट ठेवून ती उठली.

"म्हंजे दोन महिने तू माझ्याशी खोटं झटत होतीस," ती म्हणाली. "बरं."

ती ट्रेनने एकटी परतली. जिमला पुन्हा आली नाही. काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याची बदली झाल्याचं सरांकडून कळलं. ते सांगताना सर म्हणाले, "भांडलात का?" मी म्हणाले, "मला काय माहीत."

त्यानंतरचा काळ उतरणीचा. खांदा बरा व्हायला सात-आठ महिने लागले. आयोजकांचे फोन आले नाहीत. सरांची ती नवी मुलगी माझ्या जागी जाऊन जिंकली आणि मी तिचं अभिनंदन इतक्या जोरात केलं की तिलाही ते खोटं वाटलं असणार. नाशिकरोडच्या एका शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायला लागले. भाऊ म्हणायचा, ते बरं आहे, पगार तरी ठरलेला. त्याच्यावर आता माझा संशय नव्हता. पण फार काही सांगावंसंही वाटत नव्हतं. लढले नाही असं नाही. दोन छोट्या लढती केल्या. एक कशीबशी जिंकले, एक हरले. फ्लेक्स लागला नाही.

तीन वर्षांनी औरंगाबादला एका स्पर्धेत सरांच्या एका मुलीच्या कोपऱ्यात मदतीला गेले. तिथे वॉर्म-अपच्या खोलीत ती नागपूरची मुलगी होती. आता तीही कोच झाली होती. तिने ओळखलं, जवळ येऊन बसली, आधी खांद्याचीच चौकशी केली. मला राहवलं नाही.

"एक विचारू? खरं सांग, आता काय फरक पडणार आहे. माझ्या खांद्याचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी म्हणजे?"

"कळलं कसं?"

"अगं, तुमच्याच जिमच्या व्हिडिओंवरून. तुमचे सर टाकायचे ना रोज, ॲडमिशनसाठी. तूही शेअर करायचीस." तिने उजवं कोपर बरगडीला चिकटवून दाखवलं. अगदी माझ्यासारखं. "असं धरायचीस. पडताना हात टेकायची नाहीस. आमचे कोच म्हणाले, हिला उजवीकडे पाड, हात टेकणार नाही, आणि मग तोच हात घे. आम्हाला वाटलं जुनी दुखापत असेल."

"दुखापत नव्हती," मी म्हणाले.

"नव्हती? मग अशी का लढायचीस?"

आमच्या मुलीला बोलावणं आलं म्हणून मी उठले. ती मुलगी जिंकली. तिच्या कोपऱ्यात मी नेमकं काय ओरडत होते ते मला आठवत नाही.

नाशिकला आल्यावर ते व्हिडिओ काढून पाहिले. अजून तसेच होते. पहिल्याच व्हिडिओत बाविसाव्या का तेविसाव्या सेकंदाला माझं कोपर अंगाला चिकटतं आणि शेवटपर्यंत सुटत नाही. लाथा मारतानासुद्धा. ताई नसतानाच्या सरावातसुद्धा. एका व्हिडिओत ताई माझ्यावर बसलेली आहे, आणि उजव्या बाजूने पूर्ण उघडी वाट असूनही डाव्या बाजूने फिरतेय.

आठवडाभर फोन हातात घेऊन ठेवत होते. शेवटी शाळेच्या मधल्या सुट्टीत लावला. ती राजस्थानात कुठेतरी होती. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"ताई, मी बोलतेय."

"कळलं. नंबर हाय अजून."

मी सगळं सांगितलं. नागपूरची मुलगी, व्हिडिओ. माफी मागितली. बोलताना शब्द पाठ केल्यासारखे निघत होते, कारण केलेच होते.

"तुझा खांदा ठीक हाय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "हातात धरल्यावर कळतं. दुखऱ्या सांध्याला माणूस आधी घट्ट करतं. तू केलाच नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, दुसरं काहीतरी दुखत असंल, सांगता येत नसंल. घरचं असंल. म्हटलं सांगंल तिची ती."

मग जे तोंडातून निघालं ते ऐकून मलाच धक्का बसला. "आणि गुडघा? पुण्याला?"

पलीकडे गॅसचा खटका बंद झाल्याचा आवाज आला.

"अजून तेच?" ती म्हणाली. हसली का नाही ते कळलं नाही. "ठेवते गं. पोरं येतील शाळेतनं."

नंतर मी तिला दोनदा मेसेज केला. दिवाळीच्या शुभेच्छांना उत्तर आलं, शुभेच्छांचंच. त्यापलीकडे काही नाही, आणि मी मागूही शकत नाही.

गेल्या वर्षी सरांनी पुन्हा माझ्यासाठी लढत आणली. बत्तिसाव्या वर्षी. पंचांच्या निर्णयावर जिंकले, तिघांपैकी दोघांचं मत माझ्या बाजूने. सरावाला आता एक नवी जोडीदार आहे, सिन्नरची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहिल्याच दिवशी तिला मॅटवर बसवून सगळं सांगितलं: डावा गुडघा कुठे सरकतो, उजवा खांदा कितव्या अंशानंतर कचरतो, मी दमले की हनुवटी वर जाते. ती म्हणाली, "दीदी, एवढं कशाला सांगता मला?" मी म्हणाले, "सरावाला लागतं."

खरं तेच होतं. तरी परवा सरावानंतर ती जिन्यात कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होती आणि मला पाहून तिने आवाज आणखी खाली आणला. मी खाली उतरत राहिले. दाराशी पोचेपर्यंत मान वळवली नाही, कान मात्र वरच होते.