आकारामचा बास आणि शमशुद्दीन मिस्त्रीचं डोस्कं

कुणी ‘बास बसवा’ म्हटलं की शमशुद्दीन मिस्त्री आधी डोळे मिटतो. मग विचारतो, “कुटं बसवायचाय?” ह्याचं सरळ उत्तर देणारं गिऱ्हाईक लक्ष्मीपुरीतल्या त्याच्या दुकानाची पायरी अजून चढलेलं नाही. कुणाला लग्नाच्या मांडवातला भला थोरला बासचा स्पीकर मोटारीच्या डिकीत कोंबायचा असतो, कुणाला मोटारीतला बास तालमीच्या मैदानावर घुमवायचा असतो. दोन्ही गोल, दोन्ही काळे, दोन्हीच्या पाठीला लोहचुंबक. म्हणजे एकच की!

त्याचा बाप भोंगेवाला. लग्न असो, उरूस असो, सायकलच्या कॅरेजला कर्णा बांधून निघायचा. गिऱ्हाईक फार तर कर्ण्याचं तोंड कुठं वळवायचं एवढं सांगायचं. शमशुद्दीनच्या वाट्याला बास आला, आणि बासामागनं आकाराम आला.

आकाराम गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावचा. उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हंगामाची शेवटची खेप कारखान्याला निघाली की त्यांच्या गावात ट्रॅक्टर सजवतात, गुलाल उधळतात, गाणी लावून वेशीपर्यंत नेतात. ज्याच्या त्याच्या घरची बाई दारात येऊन चाकावर पाणी घालते. आकारामच्या घरात बाई म्हणजे त्याची आई तानाबाई, आणि तिचे कान पार गेलेले. गेल्या साली लेकाचा ट्रॅक्टर दारावरनं गेला तेव्हा ही मागं परड्यात शेण्या थापत बसलेली. सगळ्यांची चाकं भिजली, ह्याची कोरडी गेली. वर्षभर पोरांनी त्याला ‘कोरडा’ म्हणून हाक मारली.

औंदा मात्र आई आपणहून बाहेर यायला पाहिजे, कुणी दंड धरून आणलेली नको, असं त्यानं मनात धरलं. “कान गेलं तर गेलं, छातीला तर धक्का बसंल!” म्हणून मोटारीतला बारा इंची बास ट्रॅक्टरच्या सीटमागं बसवला, आणि खेपेच्या आदल्या दिवशी दुकानात येऊन उभा राहिला.

“मामू, बास मुका हाय.”

“माझ्याकडनं न्हेलास काय?”

“न्हाय. तुमी नको म्हटलंतं, म्हणून दुसरीकडनं आणला.”

शमशुद्दीननं डोळे मिटले.

“पर त्या दुकानदारानं मोटारीत ऐकवला तवा माझं दात हाललं, आईशप्पत!”

“काचा उघड्या हुत्या का बंद?”

“एसी चालू हुता की.”

शमशुद्दीननं त्याला दंडाला धरलं आणि दुकानापुढं उभ्या असलेल्या पुतण्याच्या, नौमानच्या मोटारीत नेऊन बसवलं. दारं लावली, गाणं लावलं. आकारामची टोपी कपाळावर घसरली. मग शमशुद्दीननं चारी दारं सताड उघडली. धमाका गेला, नुसती पुटपुट राहिली.

“बघितलंस? ह्यो बास म्हंजे घागरीत तोंड घालून वरडल्यागत. घागर हाय तवर घुमणार. ह्येचा कोन, म्हंजे मधला कागद, जड, कडंला मऊ रबर. जागच्या जागी लई धापा टाकतो, पर लांब काय फेकत न्हाय. मांडवातल्याचा कागद हलका, कडंला कापडाच्या ताठ चुण्या, खोकं कपाटाएवढं. त्यो उघड्यावर वारं ढकलतो. तुझ्या ट्रॅक्टरला दारं हायत? काचा हायत? छप्पर तरी?”

“न्हाय.”

“मग कळलं?”

“कळलं की!” म्हणत आकाराम असा उठला, जणू आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. शमशुद्दीननं तिथंच हबकायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात हळदीची ऑर्डर होती. मांडवाचे दोन बास, ॲम्प्लिफायर आणि जनरेटर टेम्पोत टाकून शमशुद्दीन त्याच वाटेनं निघाला. आकारामच्या गावात शिरला आणि त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. सजवलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत शेवटी एक झोपडं उभं होतं. ट्रॅक्टरवरच चार पाईप, वर पत्रा, चारी बाजूंनी ताडपत्री, आणि पुढं प्लास्टिकची खिडकी. खिडकीत घामानं निथळणारं आकारामचं तोंड.

“मामू! घागर केली बघा!”

“आरं, गुदमरून मरशील, मर्दा!”

“आत तर या.”

आत बास घुमत होता, नाही म्हणायची सोय नव्हती. शमशुद्दीनच्या बरगड्या वाजल्या. तो खाली उतरला तर इंजिनापुढं चिलटाएवढं गाणं.

“आकाराम, तुझी आई आत बसणार हाय का बाहेर?”



तेवढ्यात रांग हलली. पुढच्या चाकांवर पाणी पडायला लागलं. चार घरं सोडून तानाबाई सोप्यात दिसत होती, रस्त्याकडं पाठ, मांडीवर तांदळाचं सूप. आकारामनं ताडपत्री वर केली आणि शमशुद्दीनकडं बघितलं.

“माझ्या बापाचं बरं हुतं,” शमशुद्दीन करवादला. टेम्पो ट्रॅक्टरच्या मागं लावला, दारापाशी पोचताच जनरेटरची दोरी ओढली आणि बास सोडला.

तानाबाईच्या सुपातले तांदूळ नाचले. तिनं आधी सुपाकडं बघितलं, मग आढ्याकडं, आणि तांब्या उचलून बाहेर आली.

“कौलं पाडतोस व्हय रं, मुडद्या!”

निम्मं पाणी चाकावर गेलं, निम्मं आकारामच्या अंगावर. “ऐकलं! मामू, ऐकलं तिनं!” तो नाचतच खाली उतरला. शमशुद्दीननं जनरेटर बंद केला. हळदीवाल्यांचे फोन येत होते.

तानाबाई मात्र टेम्पोशी आली. तिनं खोक्यावर तळहात टेकला.

“पावणं, बंद का केलंसा?”

“म्हातारे, मला हळदीला जायाचंय!”

“आँ?”

“हळदीला! पुढच्या गावात!”

“व्हय व्हय,” ती म्हणाली. “लावा.” आणि हात तिथंच ठेवून उभी राहिली.

समजावून सांगण्यात शमशुद्दीनचं निम्मं आयुष्य गेलं होतं, पण आजवरच्या गिऱ्हाइकांना कान तरी होते. त्यानं डोळे मिटले, दोरी परत ओढली आणि आकारामवर खेकसला,

“एकच गाणं, काय? आन् ती ताडपत्री फाड आदी!”