नव्वदची कॅसेट

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मेहुण्यानं दुबईहून टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. त्याचे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच साठवावे लागत. सगळे एकीतच मावावेत म्हणून भंडाऱ्यातल्या एका दुकानात मी नव्वद मिनिटांची कॅसेट मागितली.

दुकानदार उतारवयाचा, सुकलेला माणूस. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुकानाच्या किल्ल्यासुद्धा तो वेगवेगळ्या खिशांत ठेवायचा. त्यानं लहान कॅसेटी पुढे सरकवल्या.

"नव्वदची नका नेऊ, भाऊ. तिची फीत पातळ रायते. तुटली तं सारंच जाते."

"खेळच तर आहेत," मी हसलो.

तो हसला नाही. पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

"लग्नाले नदीपार चाललो होतो. ताटातूट नको म्हणून घरचे सारे एकाच डोंग्यात बसवले. मी मागून येतो म्हटलो." त्याचा हात थांबला. "काठावरून पाहून रायलो होतो मी."

मी लहान कॅसेटी घेतल्या.

बाजार आटोपून बायको मुलीला घेऊन स्कूटरवर मागे बसली. कारध्याला घरी जायचं होतं. पुलापाशी मी स्कूटर थांबवली. खाली वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. आम्ही तिघं एकाच गाडीवर होतो.

"उतरा. तुम्ही दोघी चालत या."

"काहून?"

स्कूटर पलीकडे नेऊन मी मागे वळून पाहिलं. त्या दोघी पुलाच्या मधोमध होत्या, आणि काठावर मी एकटा उभा होतो.